ग्वेन व्हर्डन : ब्रॉडवेचे नृत्य आणि श्रेयाचा प्रश्न

ग्वेन व्हर्डन (१३ जानेवारी १९२५ – १८ ऑक्टोबर २०००) या विसाव्या शतकातील अमेरिकन संगीत रंगभूमीच्या अग्रगण्य अभिनेत्री व नर्तकी. न्यूयॉर्कमधील ब्रॉडवे या नाट्यगृहांच्या परिसरात १९५३ ते १९७५ या काळात रंगभूमीवर आलेल्या सहा संगीत नाटकांवर त्यांची कीर्ती उभी आहे. या सहांपैकी पहिल्या चार नाटकांनी त्यांना टोनी पुरस्कार मिळवून दिला. अमेरिकन रंगभूमीवर टोनी हा सर्वोच्च सन्मान मानला जातो. मात्र त्यांच्या कामाचा मोठा भाग रंगमंचावर कधी दिसलाच नाही. नृत्ये बसवणे, ती लक्षात ठेवणे, इतरांना शिकवणे आणि मूळ रचनाकाराच्या मृत्यूनंतरही ती जशीच्या तशी पुढे पोहोचवणे, हे काम त्यांनी आयुष्यभर केले. त्या नृत्यांवर नाव राहिले ते बहुतांशी त्यांचे पती, नृत्यदिग्दर्शक बॉब फॉसी यांचे. म्हणून व्हर्डन यांचे चरित्र वाचताना नृत्याचा कर्ता कोणाला म्हणावे, हा प्रश्न टाळता येत नाही.

आपल्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला ब्रॉडवेच्या ‘म्युझिकल’ची कल्पना यावी म्हणून एक भेद सांगणे आवश्यक आहे. मराठी संगीत नाटकात पदाला अग्रस्थान असते आणि नृत्य प्रसंगापुरते येते. ब्रॉडवेवर संवाद, गाणे आणि नृत्य या तिन्हींवर कथानकाचा भार सारखाच असतो. पात्राचा स्वभाव, त्याची वासना, त्याचे एकाकीपण नृत्यातून उलगडते. साहजिकच तेथे नृत्यदिग्दर्शकाचे स्थान संगीतकाराच्या बरोबरीचे असते आणि तिन्ही अंगांत निपुण असलेला कलावंत दुर्मीळ ठरतो. व्हर्डन अशा दुर्मीळ कलावंतांपैकी होत्या.

मुडदुसावर मात

व्हर्डन यांचा जन्म कॅलिफोर्नियातील कल्व्हर सिटी येथे झाला. हे गाव चित्रपट कारखान्यांचे. वडील जोसेफ हे एमजीएम या चित्रसंस्थेत वीजतंत्री होते. आई गर्ट्रूड या पूर्वाश्रमीच्या नर्तकी व पुढे नृत्यशिक्षिका. रूथ सेंट डेनिस आणि टेड शॉन यांच्या ‘डेनिशॉन’ या नृत्यपथकात त्यांनी काम केले होते. दोघेही मूळचे इंग्लंडचे.

बालपणी मुडदुसाने ग्वेनचे दोन्ही पाय वाकडे झाले. पायांना ताठ पट्ट्या आणि जड बूट बांधून ती चालत असे. शाळेतील मुले तिला लंगडी म्हणून चिडवीत. पायांची हाडे मोडून नव्याने जुळवावीत, असा सल्ला डॉक्टरांनी दिला. आईने तो मानला नाही. वयाच्या तिसऱ्या वर्षी तिने मुलीला नृत्याच्या शिक्षणाला लावले आणि नृत्य हाच उपचार ठरवला. पाय हळूहळू सरळ होत गेले. सहाव्या वर्षी ग्वेन रंगमंचावर टॅप नृत्य करू लागली आणि जगातील सर्वांत चपळ बालनर्तकी अशी तिची जाहिरात होऊ लागली. अकराव्या वर्षी, १९३६ च्या ‘द किंग स्टेप्स आउट’ या चित्रपटात ती बॅले नर्तकी म्हणून झळकली.

सतराव्या वर्षी, १९४२ मध्ये, त्यांनी पत्रकार जेम्स हेनेगन यांच्याशी विवाह केला. पुढच्या वर्षी मुलगा झाला. हा विवाह टिकला नाही आणि १९४७ मध्ये घटस्फोट झाला. मुलाचे संगोपन आजीआजोबांनी केले. व्हर्डन पुन्हा नृत्याकडे वळल्या.

जॅक कोल यांची शिकवण आणि भरतनाट्यम

व्हर्डन यांना घडवले ते जॅक कोल (१९११–१९७४) या नृत्यदिग्दर्शकाने. अमेरिकन जॅझ नृत्याला शास्त्रशुद्ध बैठक देणारे म्हणून कोल ओळखले जातात. त्यांच्या या बैठकीचा एक पाया भारतीय होता. डेनिशॉन पथकात पौर्वात्य विषयांवरील नृत्ये होत असत आणि १९२५–२६ च्या आशिया दौऱ्यात हे पथक भारतातही आले होते. त्याच संस्थेत तयार झालेल्या कोल यांना पूर्वेचा नुसता वेश पुरेसा वाटला नाही. त्यांनी भरतनाट्यमचे तंत्र अभ्यासले आणि १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते अमेरिकेच्या स्विंग संगीतावर बसवले. रात्रक्लबांतील त्यांचा हा प्रयोग ‘हिंदू स्विंग’ या नावाने गाजला.

नाव आज काहीसे विचित्र वाटते, पण तंत्रातील घेणे खरे होते. अरमंडीप्रमाणे गुडघे वाकवून शरीराचा भार खाली ठेवणे, पायाचा तळवा जमिनीवर ठामपणे पाडणे, मान, डोळे, खांदे व बोटे एकमेकांपासून अलग चालवणे, ही कोल यांच्या वर्गातील रोजची मेहनत होती. एक अवयव हलत असताना बाकीचे शरीर पूर्ण स्थिर ठेवणे हे त्यातील कठीण अंग. पुढे फॉसी यांच्या शैलीत खांद्याची एखादी उचल किंवा मनगटाची एखादी गिरकी संपूर्ण रंगमंच व्यापते. त्या शैलीची पूर्वतयारी व्हर्डन यांनी कोल यांच्याकडे करून घेतली होती.

१९४० च्या दशकाच्या मध्यापासून पुढची काही वर्षे त्या कोल यांच्या सहायक होत्या. कोल हॉलिवूडच्या चित्रसंस्थांसाठी नृत्ये बसवीत आणि ती नामांकित तारकांना शिकवण्याचे काम व्हर्डन यांच्याकडे येई. ‘जंटलमेन प्रिफर ब्लॉन्ड्स’ (१९५३) या चित्रपटासाठी त्यांनी मेरिलिन मन्रो आणि जेन रसेल यांच्याकडून तयारी करून घेतली. पडद्यावर तारकेची लकब म्हणून जे लोकप्रिय झाले, त्यातील बराचसा भाग तालमीच्या खोलीत दुसऱ्या कोणाच्या शरीरावर आधी सिद्ध झाला होता. स्वतः व्हर्डन याच काळात काही चित्रपटांत नर्तकी म्हणून क्षणभर दिसून जात.

‘कॅन-कॅन’ ची रात्र

७ मे १९५३ रोजी न्यूयॉर्कच्या शुबर्ट नाट्यगृहात कोल पोर्टर यांची गीते व संगीत असलेले ‘कॅन-कॅन’ रंगभूमीवर आले. नृत्यदिग्दर्शन मायकेल किड यांचे होते. नायिकेची भूमिका लिलो या फ्रेंच गायिकेकडे होती. व्हर्डन यांच्याकडे क्लोदीन ही दुय्यम भूमिका होती. एदनच्या बागेचे नृत्यदृश्य आणि पॅरिसच्या गुंडवस्तीतील ‘अपाश’ नृत्य ही त्यांची दोन स्थाने. पहिल्या प्रयोगाच्या रात्री नृत्य संपले तरी टाळ्या थांबेनात. व्हर्डन वेश बदलण्यासाठी आत गेल्या होत्या. नाटक पुढे सरकेना, तेव्हा त्यांना तशाच अवस्थेत, अंगाभोवती वस्त्र गुंडाळून, अभिवादनासाठी पुन्हा बाहेर यावे लागले. त्या रात्रीनंतर त्या सहायक राहिल्या नाहीत. या भूमिकेने त्यांना पहिला टोनी पुरस्कार मिळाला, तो दुय्यम भूमिकेसाठी.

लोला आणि बॉब फॉसी

५ मे १९५५ रोजी ‘डॅम यांकीज’ रंगमंचावर आले आणि त्याचे १,०१९ प्रयोग झाले. दिग्दर्शक जॉर्ज अॅबट. कथानक फाउस्टच्या कथेचे अमेरिकन रूप आहे. बेसबॉलचा एक मध्यमवयीन वेडा आपल्या हरणाऱ्या संघाच्या विजयासाठी सैतानाशी करार करतो. तो निसटू नये म्हणून सैतान लोला नावाच्या मोहिनीला त्याच्यामागे धाडतो. कधीकाळी स्वतःच्या कुरूपतेला कंटाळून आत्मा विकलेली ही स्त्री पुढे त्याच माणसाची खरी मैत्रीण बनते.

व्हर्डन यांनी लोलाला निव्वळ मादक केले नाही. मोहात पाडण्याच्या प्रत्येक हालचालीत त्यांनी थोडा खट्याळ विनोद पेरला, त्यामुळे प्रेक्षक लोलाला हसतही होता आणि तिच्यासाठी हळहळतही होता. त्यांचा आवाज किंचित घोगरा, कापरा होता. गायिका म्हणून तो पहिल्या प्रतीचा नसला तरी पात्राचे दुखरे मन त्यातून चटकन कळे. या भूमिकेसाठी त्यांना दुसरा टोनी मिळाला. १९५८ च्या चित्रपटातही लोला त्यांनीच केली. त्यांच्या रंगमंचीय नायिकांपैकी एवढी एकच पडद्यावर त्यांच्या वाट्याला आली.

याच नाटकाचे नृत्यदिग्दर्शक बॉब फॉसी (१९२७–१९८७) होते. आत वळलेले गुडघे, झुकलेले खांदे, डोळ्यांवर ओढलेली टोपी, हातमोजे, चुटकीचा नेमका आवाज ही त्यांच्या शैलीची ओळख पुढे जगभर पसरली. फॉसी कल्पना मांडत, व्हर्डन ती शरीरावर घेऊन पाहत, बदलत, तिला अर्थ देत. कोणती हालचाल कोणाची, हे त्या दोघांनाही नेमके वेगळे करता आले नसते.

पुढचे नाटक ‘न्यू गर्ल इन टाउन’ (१९५७) युजीन ओनील यांच्या ‘अॅना ख्रिस्ती’ वर आधारित होते. नायिकेचा वेश्याव्यवसायातील भूतकाळ दाखवणारे एक दीर्घ नृत्यदृश्य निर्मात्यांना व अॅबट यांना अश्लील वाटले आणि ब्रॉडवेवर येण्याआधीच्या प्रयोगांत ते वगळण्यात आले. फॉसी आणि व्हर्डन यांनी त्याला कडाडून विरोध केला. या भूमिकेसाठी मिळालेला तिसरा टोनी त्यांना त्याच नाटकातील सहअभिनेत्री थेल्मा रिटर यांच्यासमवेत विभागून मिळाला.

या संघर्षाचा परिणाम पुढच्या नाटकात दिसला. ‘रेडहेड’ साठी व्हर्डन यांना विचारणा झाली, तेव्हा दिग्दर्शन आणि नृत्यदिग्दर्शन दोन्ही फॉसी करतील तरच भूमिका स्वीकारू, असा आग्रह त्यांनी धरला. तोवर फॉसी यांनी ब्रॉडवेवर एकही नाटक दिग्दर्शित केले नव्हते. व्हर्डन यांच्या नावावर तिकिटे खपत असल्याने निर्मात्यांना मान्य करावे लागले. ५ फेब्रुवारी १९५९ रोजी आलेल्या या नाटकाने त्यांना चौथा टोनी दिला आणि फॉसी यांच्या दिग्दर्शकीय कारकिर्दीचा आरंभ झाला. १९६० मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. १९६३ मध्ये कन्या निकोल हिचा जन्म झाला.

‘स्वीट चॅरिटी’

२९ जानेवारी १९६६ रोजी पॅलेस नाट्यगृहात ‘स्वीट चॅरिटी’ आले. फेडेरिको फेलिनी यांच्या ‘नाइट्स ऑफ कॅबिरिया’ या इटालियन चित्रपटाचे हे रूपांतर. संहिता नील सायमन यांची, संगीत साय कोलमन यांचे, गीते डोरोथी फील्ड्स यांची. नृत्यगृहात पैशासाठी पुरुषांबरोबर नाचणारी, प्रत्येक वेळी फसवली जाणारी आणि तरीही माणसांवर विश्वास टाकणारी चॅरिटी ही व्हर्डन यांच्यासाठीच बेतलेली व्यक्तिरेखा होती. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी त्या जवळपास संपूर्ण नाटकभर रंगमंचावर राहत. नाटकाचे ६०८ प्रयोग झाले.

१९६९ मध्ये याचा चित्रपट झाला. फॉसी यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला चित्रपट. नायिका मात्र शर्ली मॅक्लेन झाल्या, कारण चित्रसंस्थेला पडद्यावरचे प्रस्थापित नाव हवे होते. व्हर्डन यांनी त्यानंतर जे केले ते त्यांच्या स्वभावावर प्रकाश टाकणारे आहे. त्या हॉलिवूडला गेल्या आणि आपली भूमिका मॅक्लेन यांना पावलापावलाने शिकवली. १९५० च्या दशकात तारकांना नृत्य शिकवणारी सहायक १९६० च्या दशकाच्या अखेरीस चार टोनी मिळवूनही पुन्हा त्याच जागी उभी होती.

‘शिकागो’

फॉसी यांची पुढची मोठी कामगिरी ‘कॅबरे’ (१९७२) या चित्रपटाची. चित्रण जर्मनीत चालू असताना व्हर्डन तेथे होत्या. एका गीतासाठी लागणारा गोरिलाचा मुखवटा मनासारखा मिळेना, तेव्हा न्यूयॉर्कला जाऊन तो घेऊन येण्याची धावपळही त्यांनीच केली. १९७३ मध्ये फॉसी यांना एकाच वर्षी ऑस्कर, टोनी आणि एमी हे तिन्ही सन्मान मिळाले. तोवर पतीपत्नी विभक्त झाले होते. फॉसी यांचे इतर स्त्रियांशी असलेले संबंध हे त्याचे उघड कारण होते. त्यांनी घटस्फोट मात्र कधीच घेतला नाही आणि एकत्र काम करणेही थांबवले नाही.

‘शिकागो’ ची कल्पना व्हर्डन यांची. मॉरीन डॅलस वॉटकिन्स यांचे १९२६ चे नाटक त्यांना संगीत नाटकाच्या रूपात हवे होते; लेखिका हक्क देण्यास तयार नव्हत्या. १९६९ मध्ये त्यांच्या निधनानंतर हक्क मिळाले. जॉन कँडर यांचे संगीत, फ्रेड एब यांची गीते, दिग्दर्शन व नृत्ये फॉसी यांची. तालमी सुरू असतानाच १९७४ मध्ये फॉसी यांना हृदयविकाराचा झटका आला आणि काम लांबले. ३ जून १९७५ रोजी पडदा वर गेला. प्रियकराचा खून करून वर्तमानपत्रांच्या मथळ्यांवर स्वार होणारी रॉक्सी हार्ट रंगवणाऱ्या व्हर्डन पन्नास वर्षांच्या होत्या. सोबत व्हेल्माच्या भूमिकेत चिता रिव्हेरा. घशाच्या शस्त्रक्रियेमुळे व्हर्डन यांना काही आठवडे थांबावे लागले, तेव्हा त्यांच्या जागी लायझा मिनेली उभ्या राहिल्या. नाटकाला टोनीची अकरा नामांकने मिळाली, पण त्या वर्षी ‘अ कोरस लाइन’ ची लाट होती आणि ‘शिकागो’ च्या हाती एकही पुरस्कार लागला नाही. तरीही ९३६ प्रयोग झाले.

नाटकाचा खरा विजय उशिरा आला. १९९६ मध्ये त्याचे पुनरुज्जीवन झाले आणि ते ब्रॉडवेवर सर्वाधिक काळ चाललेले अमेरिकन संगीत नाटक ठरले. २००२ च्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. व्हर्डन यांनी वर्षानुवर्षे ज्या हक्कांचा पाठपुरावा केला, त्यातूनच हे सर्व पुढे आले.

नृत्याचा कर्ता कोण?

नाटकाची संहिता छापता येते, संगीत स्वरलिपीत लिहिता येते. त्या काळात ब्रॉडवेचे नृत्य मुख्यतः नर्तकांच्या अंगात राहत असे. प्रयोग बंद पडला की ते विस्मरणात जाऊ लागे. अमेरिकेच्या कायद्यात नृत्यरचनेचा स्वतंत्र स्वामित्वहक्क स्पष्ट शब्दांत आला तो १९७६ मध्ये, आणि तोही नोंद झालेल्या रचनेपुरता. ज्या सहायकाच्या स्मृतीवर रचना टिकून असते, त्याच्या वाट्याला या व्यवस्थेत फारसे काही येत नाही. फॉसी यांना नृत्यदिग्दर्शनासाठी आठ टोनी मिळाले. व्हर्डन यांचे चारही टोनी अभिनयाचे आहेत.

याचा अर्थ फॉसी यांचे श्रेय उसने होते, असा नाही. त्यांची रचनाबुद्धी, दृष्टी आणि कठोर शिस्त वादातीत आहे. व्हर्डन स्वतःही तेच मानत. परंतु नृत्य बसवण्याच्या प्रक्रियेत कल्पना सुचवणारा आणि ती शरीरावर सिद्ध करणारा असे दोन घटक असतात. आपल्याकडे एखादी बंदिश ‘अमक्यांकडून आली’ असे सांगताना रचनाकाराबरोबर ती सांभाळणाऱ्या गळ्याचाही उल्लेख होतो. ब्रॉडवेच्या श्रेयनामावलीत अशा धारकासाठी ओळ नव्हती. ‘डान्सिन’ (१९७८) च्या नृत्यांवर देखरेख ठेवणे, फॉसी यांच्या आत्मचरित्रात्मक ‘ऑल दॅट जॅझ’ (१९७९) ला साहाय्य करणे, नव्या नर्तकांकडून जुनी नृत्ये करून घेणे, ही कामे त्या करतच राहिल्या.

२३ सप्टेंबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये ‘स्वीट चॅरिटी’ च्या पुनरुज्जीवनाचा प्रयोग होता. नाट्यगृहाजवळच्या रस्त्यावर फॉसी कोसळले तेव्हा व्हर्डन त्यांच्यासोबत होत्या. त्यानंतर फॉसी यांच्या नृत्यांचे सर्वांत विश्वासार्ह भांडार म्हणजे व्हर्डन यांची स्मृती उरली. जानेवारी १९९९ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या ‘फॉसी’ या नृत्यसंकलनाच्या त्या कलासल्लागार होत्या. सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाचा टोनी या संकलनाला मिळाला.

उत्तरायुष्य

रंगमंचावरून निवृत्त झाल्यावर व्हर्डन चित्रपट आणि दूरचित्रवाणीवर चरित्र भूमिकांत दिसत राहिल्या. ‘द कॉटन क्लब’ (१९८४), ‘कोकून’ (१९८५), वुडी अॅलन यांचा ‘अॅलिस’ (१९९०) आणि ‘मार्व्हिन्स रूम’ (१९९६) हे त्यांचे उल्लेखनीय चित्रपट. १९९८ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय कला पदक देण्यात आले.

१८ ऑक्टोबर २००० रोजी व्हर्मांट राज्यातील वुडस्टॉक येथे कन्येच्या घरी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या रात्री ब्रॉडवेच्या नाट्यगृहांनी आपले दिवे मंद करून त्यांना आदरांजली वाहिली.

२०१९ मध्ये या दोघांच्या सहजीवनावर एक दूरचित्रवाणी मालिका आली. तिचे नाव ‘फॉसी/व्हर्डन’ असे ठेवण्यात आले आणि व्हर्डन यांच्या भूमिकेसाठी मिशेल विल्यम्स यांना एमी पुरस्कार मिळाला. कन्या निकोल फॉसी यांनी आईवडिलांच्या नृत्यवारशाच्या जतनासाठी जी संस्था उभारली, तिच्या नावात व्हर्डन हे नाव फॉसी यांच्या आधी येते. पूर्वीच्या श्रेयनामावल्या बदलणार नाहीत, पण या शैलीचे शिक्षण घेणाऱ्या नव्या नर्तकांसमोर ती आता दोन नावांनिशी येते.